चेहऱ्याची सत्यप्रत

आमचे बाबा, म्हणजे मुकुंदराव, हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून साडेपाच महिने झाले, तेव्हा कंपनीच्या असं लक्षात आलं की कर्मचाऱ्यांना एकमेकांची नावंच माहीत नाहीत. सगळे एकमेकांना अन्ना, भाई नाहीतर गारू म्हणत आणि काम व्यवस्थित होत असे. बाब गंभीर होती.

मुंबईहून नव्यानं आलेल्या वैशाली मॅडमनी उपाय काढला. खेळ! कंप्युटरवर ब्राउझर उघडायचा, एक फोटो दिसतो, खाली चार नावं, दहा सेकंदांत बरोबर नावावर क्लिक करायचं. शंभरात नव्वद मिळाले नाहीत तर प्रोबेशनवरचा माणूस कायम होणार नाही, असं परिपत्रक निघालं. परिपत्रकाचा विषय होता, ‘आपुलकी’.

बाबांना एकतीस मिळाले.

कायम झाले नाहीत तर बिस्तरा गुंडाळून पुणे. आणि मी तर नुकतीच शाळेच्या वादविवाद संघाची कॅप्टन झालेली, तीसुद्धा दहावीत, तीसुद्धा तीन तेलुगू मुलींना गप्प करून! मी बाबांची शिकवणी सुरू केली. फोटोग्राफरकडे एकच कोट आणि एकच टाय असल्यामुळे दोनशे चाळीस माणसं एकाच कपड्यांत होती. म्हणून मी मिशांवरून पाठ करून घेतलं. झुपकेदार असेल तर सुरेश, कोरलेली असेल तर उदय, मिशीच नसेल तर सुलभा मॅडम किंवा हर्षद.

बाबांना शहाण्णव मिळाले. पण आईचा आमच्या कुणावरच विश्वास नाही. तिनं तिरुपतीला बाबांचे केस द्यायचा नवस बोलला होता.

“अगं, नोकरी पक्की झाल्यावर जातो ना,” बाबा म्हणाले.

“काम झाल्यावर देणारे छप्पन्न असतात. आधी दिलं की फाईल हलते.”

बाबा केस देऊन आले, मिशीसकट. दार मी उघडलं आणि नम्रपणे सांगितलं, “बाबा घरी नाहीत. तिरुपतीला गेलेत.”

“कार्टे, मीच आहे!”

घरी हे एवढ्यावर मिटलं. कंपनीत मात्र खेळ इतका यशस्वी झाला होता की त्यातले फोटो आता फाटकावरच्या कंप्युटरलाही जोडले होते. माणूस फोटोशी जुळला तरच आत. तिथले चौकीदार उमाजी मूळचे नांदेडकडचे, रोज बाबांबरोबर इराणी चहा पिणारे.

“राम राम मुकुंदराव! झालं का तिरुपती? लाडू कुठाय?”

बाबांनी लाडू दिला. उमाजींनी तो खाल्ला, हात पुसले, पडद्याकडे पाहिलं.

“पर आत नक्को जाऊ. तुमी तुमी नै.”

“अहो, आत्ता नावानं हाक मारलीत!”

“मी वळखलो की. फोटूनं वळखलं नै ना!”

बाबांनी वैशाली मॅडमना फोटो बदलायची विनंती केली. मॅडम धक्का बसल्यासारख्या पाहतच राहिल्या.

“फोटो ही मूळ प्रत आहे, मिस्टर मुकुंद. मूळ प्रतीत फेरफार करता येत नाही. तुम्ही नक्कल आहात. राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित होऊन या.”

मग मी बाबांना घेऊन चिक्कडपल्लीला एकनाथरावांकडे गेले. ते राजपत्रित अधिकारी. आयुष्यभर सही हिरव्या शाईतच केलेली.

“मूळ प्रत?” त्यांनी विचारलं. मी फोटो दिला.

“नक्कल?” मी बाबांना पुढे केलं.

“एकच? नकला दोन आणायच्या असतात.” त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “ही दुसरी का?”

“कागदावर सही द्या ना, काका,” मी म्हणाले.

“कागदावर शिक्का मारला तर कागद साक्षांकित होईल, बाळ. तुम्हाला वडील करून हवेत ना?”

त्यांनी बाबांचं टक्कल रुमालानं पुसलं आणि मधोमध ‘सत्यप्रत’ असा गोल शिक्का उमटवला. खाली हिरवी सही. सही जरा कानाकडे गेली.

त्यानंतर बाबा रोज फाटकावर मान खाली घालून शिक्का दाखवायचे आणि आत जायचे. आत गेल्यावरही मान खालीच ठेवायची असते, त्यामुळे विशेष जड गेलं नाही. डोक्यावरून पाणी घेणं फक्त बंद केलं.

सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी पत्र आलं. मी ते मोठ्यानं वाचलं: “खेळातील उत्कृष्ट कामगिरी लक्षात घेता छायाचित्र क्रमांक ११७ यास सेवेत कायम करण्यात येत आहे. साक्षांकित नक्कल, मूळ प्रतीशी जुळेपर्यंत, प्रोबेशनवर राहील.”

“कायम झालं ना?” आई म्हणाली. “मग झालं तर!”

पुण्याला जाणं टळलं, माझी कॅप्टनकी वाचली. आईनं तो फोटो हिमायतनगरहून मोठा करून आणला, हॉलमध्ये लावला आणि रविवारी सगळ्यांना पेढ्यांना बोलावलं. बाबा चहा देत होते.

तुम्हीही आला होतात. फोटोपुढे उभे राहून म्हणालात, “काय रुबाब आहे हो!” पेढे दोन घेतलेत. आणि रिकामा कप बाबांच्या हातात देऊन आईला हळूच विचारलंत, “माणूस शांत दिसतो. आमच्याकडेही कामाला येईल का?”