लोटन आबांनी जिंकलेली वीट

"कुठेही थांबायचं नाही. पाणीसुद्धा गाडीतच प्यायचं," असं कंपनीच्या हितेंद्र सरांनी जळगावहून निघताना स्वप्नीलला बजावलं होतं आणि स्वप्नीलने मान डोलावली होती. मान डोलवायला त्याचं काय जात होतं? पण चूक सरांचीही होतीच. ते मूळचे सोलापूरचे. त्यांच्या हिशेबी अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. खानदेशात त्या दिवशी आखाजी असते, आणि वाटेवर सख्ख्या मावशीचं गाव असताना न जेवता पुढे गेलेला भाचा पुढच्या आखाजीपर्यंत बोलणी खातो, हे त्यांना कोण सांगणार.

गाडीच्या मागच्या सीटवर थर्माकोलचा पांढरा खोका होता. आत पाणी भरलेल्या औषधाच्या बाटल्या, त्यांच्याभोवती सहा निळ्या विटा आणि मधे तापमान टिपून ठेवणारं बिस्किटाएवढं यंत्र. विटांमध्ये बर्फ नव्हता, कारण बर्फाने औषध गोठतं. कंपनीने बनवलेलं मिश्रण होतं. ते पाच अंशांवर वितळायला लागतं आणि पुरतं वितळेपर्यंत पाचावरून हलत नाही, मग बाहेर चव्वेचाळीस का असेना. धुळ्याचे औषधांचे ठोक व्यापारी रुपचंद शेठ स्वतः खोका उघडून यंत्र बघणार होते. तापमान दोन ते आठच्या मधे राहिलं तर कंपनीला ऑर्डर आणि स्वप्नीलला कायम नोकरी, नाहीतर दोन्ही नाही. त्यातून त्याच्या आईने मुलीकडच्यांना तो कायम झाल्याचं मागच्याच महिन्यात सांगून टाकलं होतं.

एरंडोल सोडलं आणि फाट्यावर भिकुबाई मावशी पदर डोक्यावर घेऊन उभीच. आईने फोन केला होता.

"सणना दिन, अन् उपाशी जाशी? लोके मले काय म्हनतीन?"

"मावशी, गाडीत माल आहे. उन्हात ठेवता येत नाही."

"मंग घरमा आन. घरमा काय ऊन शे का?"

स्वप्नीलने खोका उचलून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला आणि पाटावर बसला. दोन घास खाऊन उठू, असा बेत होता. पण आमरसाची वाटी अर्धी झाली की मावशी भरायची, आणि 'पुरे' म्हणायला त्याने हात आडवा केला की त्या हातावर पुरणपोळी ठेवायची. पुन्हा यंदाचा रस कसा आहे, मुलीकडचे काय म्हणतात, हे सांगितल्याशिवाय तिसरी पोळी संपली असं धरायचं नाही, असाही तिथला कायदा होता.

इकडे ओसरीवर पत्त्यांचा डाव मांडला होता. आखाजीला गडीमाणसांनी पत्ते कुटायचे हा रिवाजच. मागच्या वर्षी पैशांवरून भांडण झालं म्हणून मावशीने यंदा पैसे बंद केले होते आणि म्हातारे चिंचोक्यांवर खेळत होते. चिंचोके हरून कुणाचं काय जातंय? डावाला काही रंग चढेना. त्यात वीज गेली. मावशीचा नवरा, पितांबर काका, वारा घ्यायला पुठ्ठा शोधत कोपऱ्यात गेला आणि खोक्याचं झाकण घेऊनच परत आला.

स्वप्नील हात धुऊन ओसरीवर आला तेव्हा काका झाकणाने वारा घेत होता आणि त्याच्या डोक्यावर उपरण्याखाली काहीतरी निळं होतं. त्याच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याने तसलंच काहीतरी पोटाशी धरलं होतं.

"काका, या विटा कुणी काढल्या?"

"आम्हीच. भलती थंडगार शे रे भाऊ. पन आते मन्ही फक्त हाई एक ऱ्हायनी. बाकी लोटन आबा जिकी गया."

लोटन आबा म्हणजे शेजारचे ऐंशीच्या घरातले पैलवान. चिंचोके बाजूला सारून मंडळी विटांवर खेळायला लागली होती आणि आबांनी चार जिंकल्या होत्या. तीन मांडीला लावून ठेवल्या होत्या. चौथी गोधडीच्या घडीत घालून ते वर बसले होते.

"आबा, हा कंपनीचा माल आहे. माझी नोकरी जाईल," स्वप्नील रडकुंडीला आला.

"मंग बस. पत्ता वाट. जिकी ले."

स्वप्नील बसला. काय करणार बिचारा? पहिल्याच डावात हातातलं घड्याळ हरला. शेवटी मावशी बाहेर आली आणि तिने जाहीर केलं की विटा परत आल्या नाहीत तर रात्री रस नाही. पटापट पाच विटा खोक्यात पडल्या, आबांच्या मांडीजवळच्या तीनही इतरांनीच उचलून टाकल्या, घड्याळही आलं.

"आबा, तुमची?"

"मन्हं जेवन आज व्याहीकडे शे," आबा शांतपणे म्हणाले. मग बंडीच्या खिशातून त्यांनी ते यंत्र काढून दिलं. "हाई ले तुन्हं. इटले चिकटेल व्हतं, टोचे मले. पन वीट मन्ही शे. जिकेल शे."

धुळ्याला रुपचंद शेठ अर्धं शटर उघडून वाट बघत होते. त्यांनी यंत्र संगणकाला लावलं आणि चष्मा पुसला. पडद्यावरची रेघ जळगावपासून पाचावर सरळ चालली होती. मग ती एकदम चढली, सदतीसवर गेली, तिथेही तशीच सरळ चालली आणि शेवटी पुन्हा पाचावर उतरली.

"उन्हात ठेवलं असतं तर चव्वेचाळीस आलं असतं," शेठ म्हणाले. "हे सदतीस कसलं?"

काहीतरी थाप मारावी असं स्वप्नीलला फार वाटलं. पण सदतीसवर बसेल अशी थाप काही सुचेना.

"लोटन आबांचं आहे," तो म्हणाला, आणि मग त्याने फाट्यापासून सगळं सांगितलं. सांगताना आईचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता.

शेठ हसले नाहीत. "विटा खोक्यातून निघाल्या किती वाजता?"

"बारा वाजता, शेठ."

शेठनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजत आले होते. "लाव तुझ्या काकाला फोन. आबांना दे म्हणावं."

फोन आबांकडे गेला. मागून पत्ते पिसल्याचा आवाज येत होता.

"आबा, रामराम. धुळ्याहून बोलतोय. ती वीट कुठे आहे?"

"मी बठेल शे तिनावर."

"अजून थंड आहे?"

"शे ना. म्हनीसन तर बठेल शे. हाऊ पितांबर दोन शेळ्या देतो म्हने इटना बदलामा. मी काय येडा शे?"

शेठनी फोन ठेवला आणि यंत्र संगणकापासून काढून स्वप्नीलच्या हातात दिलं.

"तुझ्या सरांना सांग, ऑर्डर पक्की," ते म्हणाले. "यंत्रावर माझा फारसा विश्वास नसतो. पण जिंकलेली वस्तू कोमट झाल्यावर कुणी शेळ्या सोडून धरून बसत नाही."

स्वप्नीलला रडू आणि हसू एकदमच आलं. त्याने घाईघाईने खोका आवरायला घेतला. बाटल्या मोजून ठेवल्या, यंत्र ठेवलं. विटा मात्र चारच भरत होत्या. त्याने टेबलाखाली पाहिलं, खुर्चीमागे पाहिलं.

"शेठ, इथे पाच होत्या ना?"

"असतील," रुपचंद शेठ म्हणाले आणि गादीवर जरा सावरून बसले.