विलास टेंबे आणि डावी कड

विलास टेंबे सिनेमा बघताना हिरोवर पुठ्ठा धरतो.

पुठ्ठा म्हणजे खराच पुठ्ठा, बिस्किटांच्या खोक्यातून पोस्टकार्डाएवढा कापलेला. तो कायम त्याच्या शर्टाच्या खिशात असतो. सिनेमा सुरू झाला की हा एक डोळा मिटतो, हात लांब करून पुठ्ठा बरोबर पडद्याच्या मध्यावर आणतो आणि उरलेल्या कडांकडे टक लावून बसतो. हिरो रडो, मरो, हिरॉइन त्याच्या गळ्यात पडो, विलासला पत्ता नसतो. मागच्या भिंतीवर कॅलेंडर कुठल्या महिन्याचं होतं ते मात्र तो बिनचूक सांगेल. "मधलं झाकलं की सिनेमा दिसतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार खोल वाटलं होतं. आठव्यांदा ऐकल्यावर मी त्याच्या हातात चहा दिला आणि विषय बदलला.

ऑस्ट्रेलियातल्या या वॉलॉंगॉंगमध्ये आम्ही मराठी माणसं मोजकी. मी युनिव्हर्सिटीत आयटीत आहे, विलास हॉस्पिटलात. आला होता अकाउंटिंग शिकायला, शिकलाही. पण शिकताना पोटासाठी धरलेली नोकरीच त्याला मानवली. पेशंटच्या खाटा वॉर्डातून एक्स-रेला आणि परत वॉर्डात न्यायच्या, हे त्याचं काम. तिथेही तो खाट खिडक्यांच्या बाजूने नेतो, रस्ता लांब पडला तरी. पेशंट खूश असतात, सुपरवायझर नसतो. वय पंचेचाळीस, लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणतो, राहून गेलं.

माझ्या लेकीच्या, सईच्या, सातव्या वाढदिवसाला मी फोटो काढायचं काम त्याच्यावर सोपवलं, ही चूक माझी. छत्तीस फोटो आले. त्यांत आमच्या हॉलची डावी भिंत छत्तीस वेळा होती, केकचा एक कोपरा होता आणि एका फोटोत सईचा कान. सईने सगळे बघून विचारलं, "विलासकाका, व्हेअर अॅम आय?" विलासने तिला शांतपणे समजावलं, "तू आहेस ना. फक्त फोटोच्या बाहेर आहेस." तेव्हापासून गणपतीत त्याच्या हाती कॅमेरा द्यायचा नाही असा आमच्यात तोंडी ठराव झालेला आहे.

हे वेड त्याला लागलं मास्तरांपायी. मास्तर म्हणजे एक जुने मराठी दिग्दर्शक. आधी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे मास्तरच म्हणतात. त्यांनी उण्यापुऱ्या सहा सिनेमांवर आयुष्य काढलं, त्यांतला एकही चालला नाही, त्यामुळे चाहते थोडे आणि भांडकुदळ. त्यांतले पाच वॉलॉंगॉंगमध्ये आहेत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी लायब्ररीची एक खोली मिळते, तिथे आम्ही अर्धा वेळ मास्तरांचा सिनेमा बघतो आणि अर्धा वेळ भांडतो. मास्तर कॅमेरा बसलेल्या माणसाच्या नजरेइतकाच उंच ठेवतात, चेहऱ्याच्या फार जवळ कधी जात नाहीत, इथपर्यंत आमचं एकमत आहे. त्यांच्या भिंतींचा पिवळा रंग मुळातला की जुन्या कॉपीचा विटका, यावर मात्र आम्ही दोन महिने घालवले आहेत.

विलासचा स्वतःचा सिद्धांत होता. त्याचं नाव 'रिकामी कड'. मास्तर पडद्याची डावी कड मुद्दाम मोकळी सोडतात, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून तो 'पाणी सुटण्याची वेळ' या सिनेमातलं एक दृश्य दाखवायचा. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला नायक उजवीकडे उभा आहे आणि तो डावीकडे बघतो. नुसता बघत राहतो, मिनिटभर. डावीकडे पिवळी भिंत, बाकी काही नाही. "तो शून्यात बघतोय," असं विलास सांगायचा आणि दर वेळी त्याचा आवाज जड व्हायचा. खरं सांगायचं तर मीही रुमाल काढायचे.

रुमाल काढत नव्हती ती एकटी मृणाल. मृणाल युनिव्हर्सिटीत सिनेमा शिकवते. तिशीची, वाचन दांडगं आणि जीभ त्याहून. तिचं म्हणणं सरळ होतं. जुना सिनेमा रुंद असायचा आणि टीव्ही चौकोनी, म्हणून टीव्हीवर दाखवताना दोन्ही बाजू छाटायचे, आणि आम्ही सगळे तीच छाटलेली कॉपी बघून डोळे पुसत होतो. विलास भडकला. मास्तरांच्या फ्रेमला हात लावायची कुणाची छाती आहे, पुरावा दाखव, म्हणाला. पुरावा नव्हता, कारण मूळ रीळ हरवलं होतं. त्या दिवसापासून ही दोघं एका ताटातला समोसासुद्धा उचलेनाशी झाली.

आणि गेल्या हिवाळ्यात मूळ रीळ सापडलं.

ते स्वच्छ करून नवी कॉपी तयार झाली. मृणालने ओळखीपाळखीतून एका खेळाची परवानगी मिळवली, आणि वर असं ठरलं की सिनेमा संपल्यावर खुद्द मास्तर व्हिडिओ कॉलवर येणार. मास्तरांनी ऐंशी ओलांडली आहे आणि ते फटकळ म्हणून प्रसिद्ध आहेत. बावळट प्रश्न आला तर सरळ उठून जातात. आमच्या आनंदाला पारावार नव्हता, एकट्या विलासचं काहीतरी बिनसलं होतं. आधी त्याने दुसराच सिनेमा लावू असा आग्रह धरला. मग लायब्ररीचा पडदा वाईट आहे म्हणाला. मग त्या शनिवारी त्याची शिफ्ट निघाली. मला वाटलं, वाद हरायला घाबरतोय. पुढच्याच आठवड्यात मात्र तो एकदम तयार झाला आणि मास्तरांना वाचून दाखवण्यासाठी 'रिकामी कड' या विषयावर त्याने अकरा पानांचा निबंध लिहिला.

लॅपटॉप माझ्याकडे, म्हणून कॉपी तपासायला गुरुवारी माझ्याकडे आली. मी थेट त्या दृश्यावर गेले. नायक आला, उभा राहिला, डावीकडे बघू लागला. डावीकडे भिंत होती, आणि भिंतीच्या पुढे, जिथे आमच्या कॉपीत पडदा संपायचा, तिथे एक सार्वजनिक नळ होता. नळावर पाच बायका कळशा घेऊन उभ्या होत्या. नायक शून्यात वगैरे बघत नव्हता. त्याला तहान लागली होती आणि तो रांग बघत होता. मी एकटीच खो खो हसले. मग मला ती अकरा पानं आठवली आणि हसू जागच्या जागी थांबलं.

शुक्रवारी दुपारी मी त्याच्या फ्लॅटवर गेले. सांगायचंच, असं ठरवून, वाक्य जुळवून गेले होते. हा शनिवारचा शर्ट इस्त्री करत होता. त्याने मला बसवलं आणि पान चार वाचून दाखवलं. समोर भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता, कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा केलेला, इतका की नाक-डोळे अंदाजाने समजून घ्यायचे. ती गेली तेव्हा हा इथे परीक्षेत होता, जाऊ शकला नाही, एवढंच मला माहीत होतं. मी दोन कप चहा प्यायले आणि उठले. दारात म्हटलं, उद्या फार वाद घालू नकोस.

"तू बघितलीस कॉपी?" त्याने विचारलं.

"फक्त आवाज तपासला," मी म्हटलं.

तो बरं म्हणाला आणि इस्त्री केलेल्या शर्टावर पुन्हा इस्त्री फिरवायला लागला. रात्री मी नीट जेवले नाही.

शनिवारी पाचाची अकरा माणसं झाली. विलास खुर्चीवर बसला नाही. डाव्या भिंतीला टेकून उभा राहिला, हातात निबंधाची गुंडाळी. पहिल्याच दृश्यात पडदा दोन्ही बाजूंनी रुंद झाल्याचं सगळ्यांना दिसलं. ज्या कोपऱ्यांत आम्ही वर्षानुवर्षं पोकळी शोधली होती, तिथे बैल होते, शाळकरी पोरं होती, एक न्हावी निवांत गिऱ्हाइकाची दाढी करत होता. मृणालने मान वळवून विलासकडे बघितलं. हसली नाही, एवढं तिचं सौजन्य. विलासने पुठ्ठा काढलाच नाही. दर पाच-दहा मिनिटांनी तो भिंतीच्या कडेकडेने पडद्याकडे सरकत होता.

ते दृश्य सव्वा तासावर होतं. माझी नजर पडद्यापेक्षा लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या मिनिटांवर जास्त. एक कळ दाबली असती तर कॉपी अडकली म्हणता आलं असतं, आणि माझं बोट खरंच त्या कळीवर होतं. मला मृणालचा राग आला, सापडलेल्या रिळाचा राग आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. नायक आला, उभा राहिला. विलास आता पडद्यापासून हातभर अंतरावर होता. हा आता ओरडतो की पडदा फाडतो, मला कळेना.

"थांबव," तो म्हणाला.

मी थांबवलं. नायक, भिंत, नळ, पाच बायका. मृणालने बोलायला तोंड उघडलं, पण विलासने बोट पुढे केलं आणि डावीकडून तिसऱ्या बाईवर ठेवलं.

"ही माझी आई."

मग त्याने जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मी सलग सांगते. मास्तरांची माणसं शूटिंगला भोरच्या पलीकडच्या त्याच्या गावात आली होती. त्याची आई सकाळपासून दुपारपर्यंत नळावर उभी राहिली होती. मी सिनेमात आहे, असं ती गावभर सांगायची. पुढे विलास सहा वर्षांचा असताना तो सिनेमा टीव्हीवर लागला. गल्लीत एकच टीव्ही होता, यांच्या घरी. सगळी गल्ली जमली. नायक आला, डावीकडे बघत राहिला, आणि डावीकडे भिंत. आई नव्हतीच. लोक हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते विलासचे वडील, अण्णा. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं हिरॉइन. हिरॉइन, चहा टाक. हिरॉइन, पाणी तापलं का. ती पुन्हा कधी सिनेमाचं बोलली नाही. विलास मात्र तेव्हा उठून टीव्हीच्या बाजूला जाऊन, मागे वाकून बघून आला होता, तिथे असेल म्हणून.

"छाटलं असेल असं मलाही वाटायचं गं," तो मृणालला म्हणाला. "पण अख्खा सिनेमा बघितला आणि तरी ती नसली, तर? त्यापेक्षा म्हटलं, जागा रिकामीच होती. मास्तरांनीच ठेवली होती. म्हणजे मग तिला कुणी काढलं असं होत नाही."

मृणालने उठून त्याच्यासाठी खुर्ची आणली आणि पडद्याच्या डाव्या बाजूला ठेवली. मी रडत होते आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

उरलेला सिनेमा संपला, मी तीच फ्रेम पुन्हा पडद्यावर लावून ठेवली, आणि मृणालच्या फोनवर कॉल लागला. मास्तर कानटोपी घालून, कपाळाला आठ्या घालून बसले होते. निबंध कुणाचा आहे म्हणे, असं त्यांनीच विचारलं. विलास उभा राहिला. निबंध नाही, एकच प्रश्न आहे, म्हणाला. नळावरच्या बायकांना तुम्ही काय सांगितलं होतंत?

"काय सांगणार? पाणी भरा आणि कॅमेऱ्याकडे बघू नका," मास्तर म्हणाले. "चौघींनी ऐकलं. ती तिसरी ऐकेल तर शपथ. चारदा सांगितलं, तरी बघतेच आहे आपली. परवा नवीन कॉपी बघितली, पुन्हा डोकं फिरलं. तिच्यापायी शॉट बिघडला माझा."

आम्ही सगळ्यांनी पडद्यावरच्या त्या फ्रेमकडे वळून बघितलं. खरंच, चौघी नळाकडे बघत होत्या आणि ती सरळ आमच्याकडे, हसू दाबत. मास्तर इतकं टाकून बोलले, पण विलासला एवढं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं. "थँक यू, मास्तर," तो म्हणाला, "ती ऐकायचीच नाही कुणाचं." निबंधाची गुंडाळी त्याने खाली बसताना मृणालच्या हातात दिली. ती अजून तिच्याकडेच आहे.

मास्तरांची रीतसर परवानगी काढून मी त्या एका फ्रेमचा फोटो विलासला दिला. रविवारी आम्ही शॉपिंग सेंटरमधल्या फोटो छापायच्या मशीनवर गेलो. मशीनने चित्र कागदाच्या मापात बसवून दाखवलं, आणि त्या नादात दोन्ही बाजू छाटल्या. पुन्हा नायक आणि भिंत. दुकानातली मुलगी म्हणाली, हेच छान दिसतं, नाहीतर वर-खाली पांढऱ्या पट्ट्या येतील. विलास, जो हॉस्पिटलात कुणाला आवाज चढवून बोलत नाही, तिला म्हणाला, "नो, मेट. डोंट कट माय मदर." ती बिचारी सॉरी म्हणाली आणि तिने स्वतः सेटिंग बदलून दिलं.

दोन प्रती काढल्या, पांढऱ्या पट्ट्यांसकट. एक त्याच्या भिंतीवर गेली. दुसरी अण्णांना, ते अजून गावीच असतात, ऐंशीच्या घरात. पाठीमागे विलासने फक्त एवढंच लिहिलं, 'अण्णा, डावीकडून तिसरी.' मग खिशातला पुठ्ठा काढून त्याने फोटोबरोबर पाकिटात सरकवला आणि पाकीट बंद केलं. पोस्टात फोटो दुमडू नये म्हणून, असं मला म्हणाला.