सुभेदारअप्पांचं दुसरं अपील

हुलसूरच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. तिथं उभं राहून "पोट दुखायलंय" असं म्हणायचं असेल तर आधी बाकड्यावर कोण बसलंय ते बघून घ्या. सुभेदारअप्पा असले तर तुमची सुटका नाही. ते कपाळावरचा चष्मा खाली घेतात, तुम्हाला शेजारी बसवून घेतात आणि विचारतात, "सेवेत का सेवेआधी?"

समोरची बाई कोथिंबीर विकणारी. तिची कसली आलीय सेवा? पण अप्पांना त्याचं काही नाही. कधी दुखलं, आदल्या दिवशी काय खाल्लं, कुणी बघितलं, सगळं विचारून घेतात. एकदा माझं मशीन बंद पडलं आणि भालकीहून मेकॅनिक आला. त्यानं झाकण उघडलं न उघडलं तोच अप्पा त्याला म्हणाले, "बिघाड सेवेतला का आधीचा? नीट बघून लिही. एकदा लिहिलं की खोडता येत न्हाई." तो बिचारा माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मी म्हटलं, तू रोलर बघ बाबा.

खरं म्हणजे अप्पा सुभेदार नाहीत. फौजेतून आले ते हवालदार म्हणून, पुढची बढती गावानं दिली. बर्फातल्या चौक्यांवर नोकरी झाली. आतड्याला जखमा झाल्या, रक्त पडायला लागलं, आणि फौजेनं वेळेआधी घरी पाठवलं. मेडिकल बोर्डानं कागदावर लिहिलं की हा आजार मूळ प्रकृतीचा, सेवेशी त्याचा संबंध नाही. म्हणजे साधं पेन्शन मिळणार, अपंगत्वाचं नाही. तेव्हापासून अप्पांचं अपील चालू आहे.

त्या अपिलाचा शब्द न् शब्द मी टाईप केलाय. बेंगळूरचा वकील त्याचं इंग्रजी करून घ्यायचा. तो म्हणायचा दोन पानं बस झाली, अप्पा अकरा सांगायचे.

"तिथं वर डाळ शिजायची न्हाई. दाताखाली कचकच वाजायची. घातलीस का?"

"घातली."

"कचकच घातलीस का?"

"ती पण घातली, अप्पा. पुढं चला."

पुढं बर्फ वितळवून केलेल्या पाण्याला रॉकेलचा कसा वास यायचा ते यायचं. मग डब्यातलं अन्न. मग पुन्हा डाळ. मधेच ते थांबायचे आणि म्हणायचे, "सुट्टीत घरी आलो की आठ दिवसांत पोट जाग्यावर. हे ठळक कर." प्रत्येक अर्जात ही ओळ ठळक असायची. वकील दरवेळी ती साधी करायचा, आणि अप्पा दरवेळी वकिलाला शिव्या द्यायचे.

लग्नाच्या पंगतीत अप्पा पान पूर्ण वाढून घेतात. एकेका पदार्थाचा वास घेतात, मान हलवतात आणि ताकभात खाऊन उठतात. बायको गंगाक्का जाऊन तीन वर्षं झाली. तो ताकभात आता ते स्वतःच करतात. वकिलाला सांगतात तसं मला एकदा सांगितलं, "साक्षीदार एकच होती. ती बी गेली."

मला वाटायचं, म्हातारा पैशाला चिकट आहे. वाटायचं कशाला, घरी नवऱ्याजवळ मी बोलूनही दाखवलंय.

मागच्या महिन्यात फौजेच्या लवादाचा निकाल माझ्या दुकानाच्या मेलवर आला. अपील मंजूर. आजार सेवेमुळे बळावला, सबब अपंगत्वाचं पेन्शन द्यावं. मी शेजारच्या हॉटेलातून पेढे मागवले. अप्पांना मराठीत सगळं वाचून दाखवलं. ते ऐकत होते, पेढा हातात तसाच.

"बळावला म्हंजे वाढला न्हवं?"

"व्हय."

"म्हंजे आधी थोडा होता."

"ते म्हणतेत होता. म्हणू द्या की. पेन्शन तर दिलं."

त्यांनी पेढा पुड्यात परत ठेवला. "दुसरं अपील घाल."

माझं डोकंच फिरलं. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती, तरी मी बोललेच. "कामून पण? जिंकलाव की तुम्ही. लोकाला आयुष्यभर भांडून मिळत न्हाई, आणि तुम्हाला अजून काय पाहिजे? मी न्हाई टाईप करणार आता."

अप्पा चिडले नाहीत. गिऱ्हाईकं जाईपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "सुनंदा, बोर्डाचा पहिला कागद आलता, तो आमच्या अंगणात वाचला. वाचणारा म्हणाला, फौजेतला न्हाई म्हंजे घरचाच आजार. ही दारात उभी होती. दुसऱ्या दिवसापासून घरात फोडणी बंद. येळवशीच्या सणाला सगळ्यांच्या शेतात भाज्यांची भज्जी शिजायची, आमच्या न्हाई. मी म्हणायचो, कर गं. म्हणायची, माझ्याच हातानं बिघडलंय, परत कशाला. किती सांगितलं, तुझ्या हातचं खाऊनच मी बरा व्हायचो. तर म्हणायची, माझं मन राखायलाव तुम्ही, सरकार खोटं लिहील का? दवाखान्यात बी तेच. शेवटपर्यंत तेच."

त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या बोलण्यावर तिचा इश्वास न्हवता, कागदावर होता. म्हणून म्हणलं, कागदच आणू. तिच्या डोळ्यांदेखत न्हाई आला."

माझी मलाच लाज वाटली. डोळे भरून आले, ते लपवायला मी कॉम्प्युटरकडं वळले आणि नवी फाईल उघडली. या वेळी अर्ज एका पानात संपला. डाळ नाही, बर्फ नाही. पेन्शनबद्दल तक्रार नाही. फक्त 'बळावला' हा शब्द काढून 'सेवेत सुरू झाला' असं लिहावं आणि घरच्या अन्नाचा दोष नव्हता असं नमूद करावं, एवढीच मागणी.

"खाली प्रती कुणाकुणाला?" मी विचारलं.

"एक वकिलाला. एक पेन्शन ऑफिसला. एक गंगाबाईला."

मी मान वर केली नाही. "पत्ता?"

"आमचं शेत. वढ्याकडच्या बांधाला पुरलंय तिला."

मी तसंच टाईप केलं. वकील ती ओळ खोडणार, हे मला माहीत होतं. म्हणून तिसरी प्रत मी वेगळी काढली, त्यावर दुकानाचा शिक्का मारला आणि अप्पांच्या पिशवीत घातली.