सासूबाईंचा सेनापती आणि मी निवडलेला डबा

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ प्लेअर निवडावा तर मीच! स्वतःच्या तोंडाने सांगतोय, पण दुसरं कुणी सांगतच नाही, काय करणार?

निमित्त सासूबाईंचं. तरुणपणी त्यांनी नाटकात सेनापतीची भूमिका गाजवली होती. त्या प्रयोगाची जुनी टेप मेव्हणीला माळ्यावर सापडली. तिने टेपची फाइल करून घेतली आणि माझ्या फोनवर धाडली. आमच्या जुन्या प्लेअरने मात्र त्या फाइलकडे असं पाहिलं, जणू न बोलावलेला पाहुणाच दारात उभा!

"तुम्हाला जमेल ना हो?" बायकोने विचारलं. "आई फार आस लावून बसलीय."

"मला? अगं, हे काय विचारणं झालं!"

दुकानात एकेका प्लेअरला मी ती फाइल भरवून पाहिली. एकाने चित्र दाखवलं, पण आवाज गिळला. दुसऱ्याने आवाज दिला, पण सेनापती हिरवा केला! दुकानदाराला घाम फुटला. शेवटी एक काळा, चपटा, बिनतारी डबा सापडला. काय तो स्पष्टपणा! माझी निवड बघून शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनीही तस्साच डबा आणला. जोडूनही मीच दिला, माझ्याच फोनवरून.

रविवारी अख्खं सासर जमलं. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या खुर्चीत. मी छोटंसं भाषण ठोकलं आणि ऐटीत फोनवर बोट टेकवलं.

टीव्ही काळा ठिक्कर!

पुन्हा टेकवलं. आवाज वाढवला. आणखी वाढवला.

"अहो, आवाज येतोय!" बायको म्हणाली.

"मग! सांगत नव्हतो?"

"भिंतीतून येतोय!"

तेवढ्यात दार धाडधाड वाजलं. दारात डॉक्टर, पेशंटसारखा आ वासून. "अहो, आमच्या टीव्हीत कुणी बाई तलवार उगारून ओरडतायत! रिमोटलासुद्धा जुमानत नाहीत!"

"बाई नाही, सेनापती!" सासूबाई ताडकन उठल्या.

माझ्या फोनने डॉक्टरांचाच डबा धरला होता. मी दुरुस्तीला हात घालणार, तोवर सासूबाई शेजारी पोचल्यासुद्धा! मागोमाग सगळी वरात. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात कुणी सोफ्याच्या हातावर, कुणी फ्रिजला टेकून. पडद्यावरच्या सेनापतीबरोबर सासूबाई मोठमोठ्याने संवाद म्हणू लागल्या. एक शब्द चुकेल तर शपथ! डॉक्टरांचे वडील कधी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तेच खुर्चीवरून ओरडले, "वन्स मोअर!"

"आई अशी होती?" बायको पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. माझी छाती इतकी फुगली की शर्टाच्या बटणांची काळजी वाटू लागली.

नाटक संपलं. सासूबाईंनी डोळे पुसले, पुढे झाल्या आणि डॉक्टरांचा हात हातात घेतला.

"काय सुंदर डबा निवडलात हो तुम्ही! आमच्या जावईबापूंनाही असाच एक बघून द्या. त्यांना नाही हो त्यातलं काही कळत!"

स्तुती डब्याचीच होती ना? म्हणजे माझीच की!