आपली नुसती सही

दिनकरआप्पा आधी भाडेकरू शोधतात आणि मग घर विकत घेतात. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण त्यांच्या पहिल्या घराचा पहिला भाडेकरू मीच.

माझी बदली सांगलीच्या शाळेत झाली, तेव्हा आप्पांनी आम्हाला एक फ्लॅट दाखवला. बायकोला ओट्यापाशी उभं करून उंची जमते का विचारलं, खिडकी उघडून वारं दाखवलं आणि सहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून घेतलं. हे घरमालक, असं आम्ही समजलो. महिन्याभरानं कळलं की आमच्याच अनामतीतून त्यांनी खऱ्या मालकाला इसार दिला होता. मी घाबरून जाब विचारायला गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, "आवं मास्तर, घर तुमी पसंत केलं. पैसं बँकेचं. हप्ता तुमच्या भाड्यातनं. यात आपलं काय हाय? आपली नुसती सही."

आप्पा मूळचे माणदेशातले, सैन्यातून निवृत्त झालेले. बायको फार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. पेन्शनच्या जोरावर बँकेत कर्ज मागायला गेले, तेव्हा साहेबांनी विचारलं, यात तुमचं स्वतःचं किती? आप्पा म्हणाले, "मी सोता आलोय की." साहेब हसले, पण आप्पांनी स्वतः भरायची रक्कम काही त्यांनी माफ केली नाही. मग ती रक्कम आप्पांनी एका पतसंस्थेकडून उचलली. पतसंस्थेला जामीनदार हवा होता. तो मी झालो. घरमालकाला जामीन राहिलेला भाडेकरू दुसरा कुणी असेल तर मला त्याला भेटायचं आहे.

आप्पांचा एकही हप्ता कधी चुकला नाही. तरीही वर्षभर मला नीट झोप नव्हती.

पहिल्या घराचं भाडं दाखवून त्यांनी दुसरं घेतलं. त्यात रुग्णालयातल्या एक सिस्टर आल्या. मग तिसरं, मग चौथं. स्वतः मात्र मार्केट यार्डामागे भाड्याच्या खोलीत राहत. चौथ्यानंतर ते थांबले. बँक आणखी द्यायला तयार होती, म्हणून मी विचारलं, पाचवं का नाही? म्हणाले, "बास. रविवार संपलं."

मला काही कळलं नाही. मी विचारलंही नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आमच्याकडे भाडं न्यायला येत. एका खिशात पक्कड, दुसऱ्यात वॉशर. सगळे नळ उघडून बघायचे, न गळणारा नळही आवळायचे, मग चहा घेत दीड तास बसायचे. मुलीची दहावी होती. बायको वैतागली, आणि खरं सांगायचं तर मीही वैतागलो होतो. पण तसं तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नाही. मी त्यांच्या फोनवर पैसे घ्यायची सोय करून दिली आणि वर म्हणालो, आप्पा, आता तुम्हाला उन्हातान्हात फिरायला नको. बाकीच्या तिघा भाडेकरूंनाही फोनवरून भाडं पाठवायला मीच शिकवलं. तेव्हा मला ते पुण्याचं काम वाटलं होतं.

आप्पा फोनकडे बघत राहिले. "लय सोपं केलंत, मास्तर," म्हणाले. त्यानंतर ते आले नाहीत.

तीन महिने गेले. शाळेत घरभाड्याची पावती द्यायची होती, म्हणून सहीसाठी मी पहिल्यांदाच त्यांच्या खोलीवर गेलो. रविवार होता. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर बसले होते. कुठं निघालात का, असं विचारलं, तर नाही म्हणाले.

समोर कॅलेंडर होतं. ते सही करत होते तोवर मी मागची पानं चाळली. प्रत्येक रविवारच्या चौकोनात त्यांच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. 'मास्तर. चहा, आलं घालून. पोरगीला गणित अवघड.' 'सिस्टर. शिरा. आईला बरं हाय.' चार रविवार, चार घरं. भाड्याचा आकडा कुठंच नव्हता. गेल्या तीन महिन्यांचे रविवार कोरे होते.

पावती घेऊन मी परत आलो. रस्ताभर मला माझीच लाज वाटत होती.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरातून पाना आणून तिनं माझ्यापुढे ठेवला. मी नळ खोलला, ब्लेडनं वॉशर कापला, पुन्हा बसवला आणि आप्पांना फोन केला की नळ गळतोय.

अर्ध्या तासात ते आले, त्याच इस्त्रीच्या सदऱ्यात. नळ खोलून त्यांनी वॉशर तळहातावर घेतला. काप सरळ रेषेत होता. आप्पांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होतो. आत बायको आलं ठेचत होती.

आप्पांनी तो वॉशर खिशात टाकला आणि नवा बसवला.

"हल्ली वॉशर लय हलकं मिळत्यात, मास्तर," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात परत बघाय लागंल."