एक गोळी, एक बादली

आगेऱ्याला पाच आठवडे उरले होते आणि लॉरेन्सच्या मांडवावर चारचौघांत नेता येईल असा एकही दुधी नव्हता. आगेरा हा नंदाखाल गावातल्या ख्रिस्ती घरांचा सुगीचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घर आपल्या वाडीतलं नवं भात, केळी, भाजी चर्चमध्ये नेतं, फादर त्याला आशीर्वाद देतात आणि मिस्साची प्रार्थना आटोपल्यावर त्याचा लिलाव होतो. पैसे चर्चला जातात, पण मान ज्याच्या वाडीतला माल त्याला मिळतो. गेली तीन वर्षं दुधीचा मान शेजारच्या बेसिलकडे होता. मागच्या वर्षी तर तो आणि त्याचा मेव्हणा एकाच दुधीची दोन टोकं धरून चर्चच्या पायऱ्या चढले होते. मागून लॉरेन्स हातात केळ्यांचा घड घेऊन चालत होता.

लॉरेन्स सदुसष्ट वर्षांचा, एस.टी.तून निवृत्त झालेला मेकॅनिक. इंजिनात काय बिघडलंय ते त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. वेल आवाज करत नसल्यामुळे त्याची पंचाईत झाली होती. पानं ताटाएवढी, फुलं भरपूर, पण दुधी बोटाएवढा धरायचा, पिवळा पडायचा आणि गळायचा. शेवटी त्याने स्वाभिमान गिळला आणि कुंपणापाशी जाऊन बेसिलला हाक मारली.

"खत कोनता घालतो रे तू?"

बेसिलने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "कोनाला बोलू नको. बायकांची गोळी."

"कसली गोळी?"

"पोर होऊ नये म्हनून घेतात ती. पांढरी. एक गोळी, एक बादली पानी. एक दिवस आड मुळाशी ओतायचा. मोबाइलवर व्हिडिओ हाय."

"तुला कुठनं मिळते?"

"माझी सून नर्स हाय," असं म्हणून बेसिल घरात गेला. तो खरं बोलला की त्याने चेष्टा केली, हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही.

गावातल्या मेडिकलमध्ये व्हिव्हियन बसायचा. तो चर्चच्या गायनवृंदात लॉरेन्सच्या बायकोच्या, म्हणजे रोझलीनच्या, मागच्याच रांगेत उभा राहून गायचा. लॉरेन्स त्याच्यापुढे पाच मिनिटं उभा राहिला आणि खोकल्याचं औषध घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी तो स्कूटर काढून आगाशीला गेला. तिथल्या दुकानात अल्पेश नावाचा तरुण होता आणि तो लॉरेन्सला ओळखत नव्हता.

"काका, ही अशी नाही देत आम्ही," अल्पेश म्हणाला. "कोणासाठी पाहिजे?"

"घरातलीच हाय."

"बीपी आहे का?"

"एकशे चाळीस."

"तुमचं नाही हो! जिला द्यायचीय तिचं. पस्तिशीच्या पुढे असेल आणि सिगारेट ओढत असेल तर चालत नाही. डोकं दुखतं का? कधी पाय सुजून दुखलाय?"

"तिला पाय नाय," लॉरेन्स म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

अल्पेशने हातातलं पाकीट परत खणात ठेवलं. "डॉक्टरांची चिठ्ठी आणा, काका."

लॉरेन्स ग्लुकोजचा पुडा घेऊन घरी आला. त्याच संध्याकाळी साडेसातला, रोजच्यासारखी रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, वेळ झाली तेव्हा रोझलीन म्हणाली, "अवो, मेनबत्ती काढा." लॉरेन्सने घरातल्या अल्तारखालचा, म्हणजे देव्हाऱ्याखालचा, खण उघडला. मेणबत्त्यांच्या मागे, झावळीच्या जुन्या क्रुसांखाली, गोळ्यांचं एक पाकीट होतं. तीन रांगा पांढऱ्या, एक तपकिरी. लॉरेन्स श्रद्धाळू माणूस होता. मागितल्यावर मिळालं तर फार चौकशी करू नये, असं त्याला वाटलं.

गोळ्या कोणाच्या हे कळायला अर्थातच डोकं लागत नव्हतं. रोझलीन बासष्ट वर्षांची होती, म्हणजे उरली सून. पण अठ्ठावीसातली एक गेली तर कोणाला कळणार, असा विचार त्याने प्रार्थना चालू असतानाच केला. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना त्याने पांढऱ्यांपैकी अगदी शेवटची गोळी काढली आणि फाटलेला चंदेरी कागद नखाने दाबून असा सपाट केला की गॅरेजमध्ये असतं तर साहेबांनी पाठ थोपटली असती. आठवड्याभरात चार बादल्या झाल्या.

सून प्रीतल विरारच्या एका शाळेत शिकवायची. नोकरी तात्पुरती होती. डिसेंबरच्या परीक्षेत बी.एड. पुरं झालं तर जूनपासून कायम करू, असं शाळेने तिला सांगितलं होतं. म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने, केल्विनने, ठरवलं होतं की आधी परीक्षा, मग मूल. डॉक्टरांनी तपासून गोळी लिहून दिली होती. घरात मात्र दोघांनी हे सांगितलं नव्हतं, कारण रोझलीनने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच लोकरीची एक पांढरी टोपी विणून प्रीतलच्या कपाटात दर्शनी ठेवली होती. शिवाय गोळ्यांबद्दल तिचं मत जेवताना एकदा जाहीर झालं होतं. "पिशवी सुकते त्यानं. मंग कितीबी नवस करा, धरत नाय." मत कुठून आलं हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायला हवी आणि त्या घरात ठरल्या वेळी होणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रोझरी. प्रार्थना संपली की बाकीचे जेवायला जात आणि प्रीतल मेणबत्ती विझवायला मागे राहत असे. अशा बारा गोळ्या तिने एकही न चुकवता घेतल्या. तेराव्या दिवशी पाकीट हातातून निसटून उलटं पडलं आणि तिला दुसऱ्या टोकाला चार रिकामे खळगे दिसले.

"तूच टेन्शनमध्ये डबल घेतल्या असशील," केल्विन लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"चार वेळा? मला कळलं नसतं?"

"परवा चहात मीठ घातलंस ते तरी कुठे कळलं?"

प्रीतलने पाकिटासोबतचा घडीचा कागद काढला आणि दुष्परिणामांचा भाग वाचला. मळमळ. डोकेदुखी. छाती जड वाटणे. चिडचिड. खात्रीसाठी तिने तो पुन्हा वाचला. पहाटेपर्यंत तिला हे सगळं, छापलेल्या क्रमाने, होऊ लागलं. चिडचिड तर केल्विनने स्वतः अनुभवली.

सकाळी रोझलीन सुके बोंबील भाजत होती. वास येताच प्रीतल तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली. रोझलीनने गॅस बारीक केला, भिंतीवरच्या मरियामातेकडे पाहिलं आणि क्रुसाची खूण केली. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही. फक्त व्हिव्हियनच्या आईला सांगितली आणि कोणाला सांगू नको असं तिला चारदा बजावलं. संध्याकाळपर्यंत नंदाखालमध्ये ही गोष्ट ज्याला ठाऊक नव्हती असा एकच माणूस उरला, तो केल्विन.

"स्कूटरवर बसायचा नाय," रोझलीनने जेवताना फर्मान काढलं. "पपई नाय. आनि ती परीक्षा नाय. केल्विन, उद्या कालेजात सांगून ये."

"मम्मी, मला काही झालेलं नाही!" प्रीतल म्हणाली.

"पयल्यांदा सगळ्याच तशा बोलतात."

रडू येणं कागदात नव्हतं, पण परीक्षा हातची जाणार, या कल्पनेने प्रीतलला खरोखर रडू आलं. ते पाहून रोझलीनची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टर मनोरमाबाईंकडे गेल्या. डॉक्टरांनी रोझलीनला बाहेर बसायला सांगितलं.

"मी बाहेर बसली तर नातवाला काय वाटल?" असं म्हणून ती आतच बसली.

तपासणी झाली. नातू नव्हता. मग मळमळ कशाची हा प्रश्न आला आणि प्रीतलला सासूसमोर सगळं सांगावं लागलं. गोळ्या, खण, चार खळगे, कागद. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो उत्तम होता.

"रोजची गोळी रोज घेतलीत ना? मग घाबरायचं काही नाही. चार जास्त गेल्या असत्या तरी फार तर दोन दिवस मळमळलं असतं. कमी पडतील त्या नव्या पाकिटातून घ्या. डोकं भयंकर दुखलं, पाय सुजला, छातीत दुखलं, तर लगेच या. बाकी तुम्ही गोळी एक घेतलीत आणि कागद दहा वेळा."

"आनि हिची पिशवी?" रोझलीन म्हणाली. "ती सुकली असल."

"सुकत नाही, आजी. गोळी बंद केली की महिन्या-दोन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं होतं."

"तुमी डाक्टर. तुमी तसंच बोलनार."

घराच्या दारात पोचल्यावर प्रीतलला राहवलं नाही. "मम्मी, गोळ्या तुम्हीच काढल्यात ना? नातू पाहिजे म्हणून?"

"मी?" रोझलीनचा आवाज कुंपणापलीकडे बेसिलपर्यंत गेला. "अल्तारखाली हात घालून मी चोरी करन? आनि ती पापाची गोळी तिथं ठेवली कोनी?"

तेव्हापासून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. रोझरीही दोन पाळ्यांत होऊ लागली. साडेसातला रोझलीन, आठला प्रीतल. लॉरेन्स दोन्ही पाळ्यांना बसायचा, कारण घरात सगळ्यांत जास्त प्रार्थनेची गरज त्यालाच होती. तिसऱ्या दिवशी, रोझलीनच्या पाळीत, त्याला पुढचे शब्दच सुचेनात.

"मीच काढल्या," तो म्हणाला.

"काय?"

"गोळ्या."

स्वयंपाकघरात प्रीतलच्या हातातलं ताट वाजलं आणि ती बाहेर आली. रोझलीन नवऱ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहत राहिली. "तुमाला काय व्हायचा होता?"

"मला नाय. दुधीला."

लॉरेन्सने सगळं सांगितलं, बेसिलपासून बादलीपर्यंत. ऐकून झाल्यावर रोझलीनने हातातली माळ खाली ठेवली.

"ज्या गोळीनं बाईला धरत नाय," ती सावकाश म्हणाली, "ती ओतली म्हंजे वेलाला धरल, असं तुमाला वाटलं? आनि तुमच्या हातच्या यष्टीत मी बसत होती!"

आधी आवाज ऐकून आलेला केल्विन हसला, मग प्रीतल. रोझलीन हसली नाही. चोरीचा आळ गेला होता, पण पिशवीची भीती तशीच होती. "गोळी बंद कर, मंग बोलू," एवढं सुनेला सांगून ती झोपायला गेली. प्रीतलने गोळी बंद केली नाही. रोझलीनने बोलणं सुरू केलं नाही. बंद झाल्या त्या फक्त दुधीच्या बादल्या.

आगेऱ्याचा रविवार उजाडला. लॉरेन्सच्या मांडवावर पांढऱ्या फुलांची नुसती गर्दी होती आणि आता तर बोटाएवढेही दुधी धरत नव्हते. बेसिल आणि त्याचा मेव्हणा ठरल्याप्रमाणे दोन टोकं धरून पायऱ्या चढले. लॉरेन्सने केळ्यांचा घड नेला. मिस्सानंतर व्हिव्हियनच्या आईने रोझलीनला गाठून हळूच विचारलं, "मंग, काय बोलते सून?" सून काहीच बोलत नाही हे रोझलीनला सांगवेना. ती केळ्यांकडे पाहत राहिली.

त्यानंतर पावसाने उघडीप दिली. आठ दिवसांनी कपडे वाळत घालायला गेलेली रोझलीन मांडवाखाली थबकली. पानाआड वीतभर लांबीचा, लव असलेला, हिरवागार दुधी लोंबत होता. शेजारी दुसरा बोटाएवढा होता, आणि तोही पिवळा पडला नव्हता.

"प्रीतल!" महिन्याभरानंतर पहिल्यांदाच ते नाव तिच्या तोंडून निघालं. "हिकडं ये. ह्यांनी दुधीची गोळी बंद करून किती दिस झाले?"

"पाचेक आठवडे झाले असतील, मम्मी."

रोझलीनने बोटांवर मोजून पाहिलं. "डाक्टर महिना-दोन महिने बोललेली."

"हो."

"मंग सुकली नाय."

"कोणाची?"

"दुधीची," रोझलीन म्हणाली. "परीक्षा कधी हाय तुझी?"

"डिसेंबरला."

"तवपर्यंत घे मंग. वेळेवर घे. आनि मेनबत्त्यांच्या खनात नको ठेवू, ह्यांचा हात जातो तिथं."

प्रीतल सातवीला विज्ञान शिकवायची. पाऊस उघडला की मधमाश्या परत येतात, मग मादी फुलावर पराग पोचतो, मग फळ धरतं, यावर तिला फळ्यासमोर अर्धा तास बोलता आलं असतं. ती एक शब्दही बोलली नाही. नुसती मान हलवून तिने सासूच्या हातातली बादली घेतली.

रोझलीन घरात गेली आणि प्रीतलच्या कपाटातली पांढरी लोकरीची टोपी घेऊन आली. चवड्यांवर उभी राहून तिने ती दुधीला खालून अलगद चढवली आणि नाडी बांधली.

"कोवळ्याला माशी डंख करते," ती म्हणाली. "परीक्षा झाली की धुऊन ठेवू."