सभागृहात टाकलेलं जाळं

मी भाषण चांगलं करतो. हे मीच सांगतोय, कारण आजवर दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. आमच्या बंदरावर मी बोलायला उभा राहिलो की मासे उतरवणारी माणसं हातातलं काम टाकून ऐकत बसतात. बायको म्हणते, त्यांना बसायला निमित्त हवं असतं. असू दे. त्याच माणसांनी मला निवडून संसदेत पाठवलं. आणि तिथे गेल्यापासून माझ्या तोंडून सभागृहात एकच वाक्य निघालं होतं: "जरा ती खिडकी लावता का, वारा येतोय."

त्यामुळे मासेमारी धोरणाचं विधेयक आलं तेव्हा मी ठरवलं, आता सभागृह हलवून सोडायचं. विधेयकात एक कलम होतं. आपल्या सागरी हद्दीत परदेशी ट्रॉलरना मासे पकडायचे परवाने देण्याचं. कागदावर ते फार सोज्वळ दिसत होतं, सहकार्य वगैरे. पण ते सहकार्य काय असतं ते माझ्या मेहुण्याला चांगलं ठाऊक होतं. तो आपल्या बोटीवर होता, आपल्याच समुद्रात, दिवसाढवळ्या. समोरून इमारतीएवढं परकं जहाज आलं आणि भोंग्यावरून त्यालाच दरडावलं, इथून निघून जा. शिवाय जाताना त्याच्या बोटीच्या पंख्यात स्वतःच्या जाळ्याचा तुकडा अडकवून गेलं.

मेहुणा तो तुकडा पोत्यात भरून राजधानीतल्या आमच्या घरी घेऊन आला आणि दिवाणखान्यात पसरला. दिवाणखाना संपला, तुकडा संपेना.

"भावोजी, करंगळी घाला बघू यातून," तो म्हणाला.

मी घातली. नख गेलं, करंगळी अडली.

"कालपरवा अंड्यातून आलेलं पिल्लूसुद्धा सुटत नाही यातून. दोन-चार वर्षं हे इथं फिरलं ना, तर आपण नुसतं मीठ गोळा करायचं."

तो हसत बोलला, पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या बोटीवर पाच घरं जेवतात. आणि त्याच क्षणी मला ती कल्पना सुचली. भाषणाच्या शेवटी खिशातून हे जाळं काढायचं, रुमालासारखं, झटक्यात. सभागृह अवाक.

सभागृहात वस्तू आणून दाखवायला बंदी आहे, हे मला माहीत होतं. पण रुमालाला बंदी नाही, असा मी युक्तिवाद केला. अडचण एवढीच की हा रुमाल पलंगपोसाएवढा होता. कापावा म्हटलं तर स्वयंपाकघरातली कात्री त्याच्यापुढे दात विचकून बसली. शेवटी बायकोने ते सगळं माझ्या कमरेभोवती गुंडाळलं, सेफ्टी पिना लावल्या आणि वरून कोट चढवला.

"कसा दिसतोय?" मी विचारलं.

"खाऊन-पिऊन सुखी," ती म्हणाली. "अहो, पण बेताने बसा. पिना टोचतील."

पिना टोचल्या नाहीत. त्या वाजल्या. संसदेच्या दारातल्या तपासणीत मी पाऊल टाकलं आणि यंत्र केकाटायला लागलं. पहाऱ्यावरच्या बाईंनी माझ्या कमरेकडे बघितलं.

"साहेब, आत काय आहे?"

"आधार," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "कंबर धरलीय होय? माझ्या वडिलांनाही असाच पट्टा आहे. पिना तेवढ्या इथे ठेवून जा, परत जाताना घ्या."

झालं. आता जाळं माझ्या अंगावर होतं ते केवळ माझ्या दोन कोपरांच्या जोरावर. मी कोपरं बरगड्यांना दाबून, पावलं घासत, पेंग्विनसारखा निघालो. तेवढ्यात त्या बाईंनी मागून येणाऱ्या एका सदस्यांना हाक मारली. हे सदस्य पेशाने डॉक्टर. निवडून आल्यापासून त्यांना रुग्ण मिळत नव्हते, त्यामुळे ते माझ्यावर तुटून पडले.

"मणका," माझी चाल बघून ते म्हणाले. "शेवटच्या बाकावर चढणार कसे तुम्ही? ते काही नाही. पुढे, माझ्या शेजारी बसायचं. तिथल्या खुर्चीला पाठ सरळ आहे."

मी नको म्हणत होतो, पण हात सोडवून घ्यायचा तर कोपर उचलावं लागलं असतं. म्हणून गेलो. पहिल्या रांगेत, अगदी कडेला. मधे फक्त वाट, आणि वाटेपलीकडे साक्षात मत्स्यव्यवसाय मंत्री.

पुढचा तासभर मला जे प्रेम मिळालं ते मी विसरणार नाही. एका सदस्यांनी उशी पाठवली. ज्यांनी आजवर माझ्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं ते येऊन शेकायचा सल्ला देऊन गेले. खुद्द मंत्र्यांनी वाटेपलीकडून वाकून विचारलं, "फार दुखतंय का?" ज्यांच्या विधेयकाची चिरफाड करायला मी आलो होतो, त्यांनीच आपला चहा माझ्याकडे सरकवला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. चहा प्यायलो मात्र.

माझं नाव पुकारलं गेलं. आमचा पक्ष म्हणजे मी आणि आणखी एक गृहस्थ, तेही बहुधा आजारी असतात. त्यामुळे मला वेळ मिळाला होता तो घसा साफ करण्यापुरता. मी उभा राहिलो.

"अध्यक्षमहोदया," मी म्हणालो आणि सवयीने हात वर केला.

कोपर सुटलं.

जाळं कोटाखालून जे घसरलं ते थेट घोट्यांपर्यंत आलं. एक पाय त्यात, दुसरा खुर्चीच्या पायाशी गुंतलेला. मी डुललो. सभागृहाला वाटलं, कंबर गेली. मंत्री भले गृहस्थ. ते धावत आले आणि त्यांनी मला कवेत घेतलं. त्यांच्या कोटाची बटणं जाळ्यात अडकली. त्यांना सोडवायला डॉक्टर आले, त्यांचं घड्याळ अडकलं. तिघांनी मिळून जोर लावला तेव्हा मंत्र्यांचा चष्मा साखळीसकट जाळ्यात गेला.

"हे काय आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"जाळं," मी म्हणालो.

सभागृहात असा गोंधळ उडाला की विचारू नका. विरोधक म्हणाले, मंत्र्यांवर हल्ला. सत्ताधारी म्हणाले, आम्हीही तेच म्हणतो. अध्यक्षबाईंनी सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावलं आणि माझ्याकडे बोट केलं. "या सदस्यांना बाहेर न्या."

अधिकारी आला. त्याने मला एका बाजूने हलवून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने.

"महोदया, यांना न्यायचं तर मंत्रिमहोदयांनाही न्यावं लागेल."

अध्यक्षबाई सचिवांकडे वळल्या. सचिवांनी नियमांचं पुस्तक चाळलं, मान हलवली, पुन्हा चाळलं. मंत्र्याला अडकलेल्या सदस्याचं काय करायचं, याची तरतूद कुठेच नव्हती.

मेहुण्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तो बंदरावर परतला होता, आणि सगळ्यांना गोळा करून टीव्हीवर हे बघत असणार. पाच घरांचा घास माझ्या जिभेवर होता आणि मी जत्रेतल्या माकडासारखा गुंतून उभा होतो.

तेव्हा आजी उठल्या.

सत्ताधारी पक्षातल्या सर्वांत वयस्क सदस्य. डोंगराकडच्या. सगळे त्यांना आजीच म्हणतात. चर्चा चालू असताना त्या खाली मान घालून लोकर विणतात आणि मतदानापुरती मान वर करतात. त्या सुया बाजूला ठेवून सावकाश आल्या.

"गाठी आहेत, तोडायच्या कशाला? मी सोडवते," त्या म्हणाल्या.

"तोपर्यंत काय करायचं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"त्यांची पाळी आहे ना? बोलू देत की त्यांना."

आणि माझ्या कोटाशी वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "बोला हो. मला घाई नाही."

मी बोललो. पाठ केलेलं सगळं उडून गेलं होतं, म्हणून समोर जे होतं त्यावर बोललो.

"मंत्रिमहोदयांचं हे बटण बघा. एवढ्या आकाराचा मासा आमची माणसं समुद्रात सोडून देतात, मोठा होऊ दे म्हणून. हे जाळं तो सोडत नाही. बटणं सोडत नाही, चष्मा सोडत नाही."

"मलाही सोडत नाही," मंत्री हळूच म्हणाले. "जरा मोकळं करा हो मला."

"आम्हीही तेच म्हणतोय, साहेब."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. आणि हसता हसता ऐकायला लागले. आजींनी एक बटण सोडवलं आणि पुटपुटल्या, "संपलं का? पुढची गाठ सोडू?"

"अजून हद्दीचं राहिलंय."

"बरं. मग ही परत घालते."

त्यांनी खरोखर परत घातली. मी मेहुण्याच्या बोटीचं सांगितलं. भोंग्याचं सांगितलं. "सार्वभौमत्व हा मोठा शब्द आहे, मला तो नीट उच्चारताही येत नाही. पण आपल्या समुद्रातून आपल्याच माणसाला कुणी हाकलत असेल, आणि उद्या त्याच्या हातात आपणच परवाना देणार असू, तर नकाशावरची ती रेघ कशासाठी काढलीय?"

मंत्र्यांनी आपली करंगळी जाळ्याच्या एका भोकात घालून बघितली. नख गेलं, करंगळी अडली.

"मला सांगितलं होतं, भोकं मोठी असतात," ते म्हणाले.

मंत्री मोकळे झाल्यावर त्यांनी स्वतःच ते कलम समितीकडे परत पाठवायची सूचना मांडली. पुढे समितीने ते वगळलं. मला वस्तू आणल्याबद्दल लेखी समज मिळाली, ती मी आनंदाने घेतली. आजींना त्यांच्या पक्षाने जाब विचारला, इतका वेळ का लागला म्हणून. त्या म्हणाल्या, "वय झालंय. बोटं चालत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचे आभार मानायला गेलो तर त्यांनी लोकरीचा गुंडा माझ्या हातात धरायला दिला आणि म्हणाल्या, "मी समुद्र कधी बघितलेला नाही. तुम्ही बोललात तेव्हा वाटलं, बघावा."

सुट्टीत त्यांना घेऊन आमच्या बंदरावर गेलो. मला वाटलं होतं, गर्दी असेल. होतीच. मेहुण्याने बोट धुऊन लख्ख केली होती, पाचही घरं किनाऱ्यावर उभी होती. बायका आजींच्या हातांना हात लावून बघत होत्या. आजी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, लाट आली तशा लहान मुलीसारख्या हसल्या, आणि माझेच डोळे भरून आले. मंत्री, डॉक्टर, दारातल्या त्या बाई, सगळ्यांचं देणं मनात दाटून आलं. म्हटलं, या क्षणी चार शब्द बोललेच पाहिजेत. मी घसा साफ केला.

मेहुणा लगबगीने माझ्याजवळ आला.

"भावोजी, बरं झालं उभे आहात. आजींच्या या चपला धरा, आणि जरा मागे सरका. फोटोत येताय."